शंभरातले नव्व्याण्णव : सिन्नरच्या माळावरचं सर्व्हायव्हल चॅलेंज

शंभर स्पर्धक, एक बक्षीस, शेवटी उरेल तो जिंकला. असा व्हिडिओ करायचा म्हटलं की डोळ्यांपुढे पहिलं चित्र विजेत्याचं येतं. आमच्याही पहिल्या कागदावर तेच होतं. पण जिंकणारा एक आणि बाद होणारे नव्व्याण्णव. म्हणजे दीड दिवसाच्या शूटमध्ये नव्व्याण्णव वेळा कुणाला तरी ‘तुम्ही बाहेर’ म्हणायचं. ते त्या माणसाला पटायला हवं, कॅमेऱ्यात दिसायला हवं, आणि त्यानंतर त्यानं कुठं जायचं, काय खायचं, घरी कसं पोचायचं हे आधीच ठरलेलं हवं. त्यामुळे सेटचा नकाशा काढताना आम्ही स्टेजपासून सुरुवात केली नाही, बाहेरच्या फाटकापासून केली. फाटकातून एका वेळी किती माणसं नीट बाहेर जाऊ शकतात, या एका आकड्यावर पुढचे सगळे राउंड बेतले. तो आकडा निघाला ४० सेकंदांना एक.

या प्रकाराचा मोठा नमुना म्हणजे अमेरिकी यूट्यूबर मिस्टरबीस्टनं नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलेला ४५६ स्पर्धकांचा व्हिडिओ. बक्षीस ४ लाख ५६ हजार डॉलर आणि एकूण खर्च सुमारे ३५ लाख डॉलर. तिथं बाद होणाऱ्याच्या कपड्यांखाली बसवलेलं छोटं यंत्र फुटायचं, त्यामुळे कोण गेला हे लांबूनही कळायचं. ते आकडे आपल्या आवाक्यातले नाहीत, पण ही कल्पना उचलावी अशीच आहे. आम्ही प्रत्येकाच्या छातीवर वेल्क्रोनं नंबराची पट्टी लावली, १० बाय १५ सेंटिमीटरची. पंच ती ओढून काढतो, ‘चर्र’ असा आवाज येतो, आणि आजूबाजूचे दहा जण मान वळवतात. पट्टीच्या पूर्ण लांबीला वेल्क्रो लावला तर ओढताना सगळा टी-शर्ट वर येतो, म्हणून दोन टोकांना पाच-पाच सेंटिमीटरच पुरे. मुरमाची बारीक धूळ वेल्क्रोच्या हुकांत बसते आणि दुपारनंतर पट्ट्या आपोआप गळायला लागतात. जुना टूथब्रश आणि ३० जादा पट्ट्या पंचांच्या टेबलावर ठेवाव्यात.

जागा नाशिक-पुणे रस्त्यापासून आत, सिन्नर तालुक्यात घेतली. आधी निफाडकडचं एक रान पाहिलं होतं. सपाट, पाण्याची सोय, रस्ता पक्का. पण काळी जमीन, आणि दोन बाजूंना ऊस. काळ्या मातीत जानेवारीत अवकाळीची एक सर आली तरी दोन दिवस गाडी आत जात नाही. आणि नाशिक जिल्ह्यात उसाच्या शेजारी रात्री साठ माणसं उघड्यावर झोपवायची म्हणजे बिबट्याचा विचार आधी करावा लागतो. सिन्नरचा मुरमाड माळ पाणी धरत नाही, चहूकडे मोकळं दिसतं आणि उसापासून लांब आहे. त्याचा एकच त्रास, मुरमात खुंटी जात नाही. आधी पहारेनं भोक पाडायचं, मग दोन फुटी सळई घणानं ठोकायची. तंबूवाल्याच्या माणसांनी पहिल्या दिवशी बारा खुंट्या वाकवल्या. मग द्राक्षबागेत मांडव उभारणारी मजुरांची टोळी बोलावली. तार ताणणं आणि खांबाला बाहेरून ताण देणं हे त्यांचं रोजचं काम. कॅमेऱ्यासाठी परांचीचे २० फुटी चार मनोरे त्यांनीच ताण देऊन उभे केले, आणि दुपारच्या वाऱ्यातही चित्र हललं नाही.

परवानग्यांना तीन आठवडे धरा. जमीनमालकाशी लेखी करार, ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र, पोलीस ठाण्याची परवानगी, वनखात्याला माहितीचं पत्र. ड्रोनच्या बाबतीत नाशिककरांनी जास्तच जपून राहावं. देवळालीचं तोफखाना क्षेत्र, गांधीनगरचा सैनिकी विमानतळ आणि ओझरचा विमानतळ, हे तिन्ही आपल्या आसपास आहेत. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ड्रोनला मोकळ्या भागात, आहे का ते पाहायचं. हिरव्या पट्ट्यातही साधारण ४०० फुटांपर्यंतच उडवता येतं, आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. म्हणून रात्रीचे सगळे राउंड आम्ही आवाजाशिवाय चालतील असे बांधले. पंच हातात पाटी धरून फिरतो आणि सूचना मोठ्या अक्षरात लिहिलेली असते.

आता रेषेबद्दल, कारण सगळी भांडणं तिथंच होतात. मैदानावर आपण फक्की मारतो. कबड्डी-खोखोला ती चालते, कारण डाव काही मिनिटांचा असतो. इथं साठ माणसं तासन्‌तास रेषेजवळ पाय घासतात. वीस मिनिटांत फक्कीची कड धूसर होते आणि अर्ध्या तासात रेषा चार इंची पांढरा डाग होऊन जाते. मग टाच आत होती की बाहेर, कोण सांगणार? दुसरा प्रयत्न लाल निवार पट्टीचा. डोळ्यांना उत्तम, पण लाल मुरमावर ड्रोनमधून दिसतच नाही. नायलॉनची पांढरी पट्टी दुपारी बाराला एवढी चमकते की कॅमेऱ्यात तिच्याजवळचे पाय काळे पडतात. शेवटी टिकली ती सुती पांढरी निवार, दोन इंच रुंद, दर नऊ इंचांवर इंग्रजी यू आकाराचा खिळा. आमची चौकट, म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये ज्या रेषेच्या आत रात्र काढायची ती जागा, ८० बाय ८० फूट होती, म्हणजे सहा गुंठ्यांना जरा कमी. तिच्या ३२० फूट परिघाला ४२७ खिळे लागले. पट्टी ताणून ठोकायची, नाहीतर पाय अडकून माणूस पडतो. आणि नियम तोंडी न सांगता करारात लिहायचा: ‘पट्टीला स्पर्श म्हणजे आत, पट्टीपलीकडच्या जमिनीला स्पर्श म्हणजे बाहेर.’ उलटा ठेवला तरी चालेल, पण एकच हवा.

पंच म्हणून आम्ही कॅमेऱ्याच्या टीममधली मुलं उभी केली नाहीत. खोखो आणि कबड्डीच्या स्पर्धांना पंचगिरी करणारे सहा जण मानधनावर घेतले. त्यांना रेषेवर डोळा ठेवायची, शिट्टी मारून लगेच निर्णय द्यायची आणि ओरडणाऱ्यापुढे शांत राहायची सवय असते. शिट्टी, नंबर, कारण, वेळ असा क्रम. सहायक वहीत लिहितो: ‘४३, ११:२२:१०, उजवी टाच.’ ही वही पुढे एडिटिंगचा कणा होते, तेव्हा अक्षर चांगलं असणारा माणूसच त्या कामाला द्या.

नंबर छातीवर, पाठीवर आणि दोन्ही खांद्यांवर हवेत. खांद्यावरचे ड्रोनसाठी. पाठीवरचा आकडा २० सेंटिमीटर उंच, खांद्यावरचा ८. आकडे देवनागरी ठेवायची आमची फार इच्छा होती, तसे छापूनही आणले. पण ६० फुटांवरून १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत व्हायला लागली, म्हणून कपड्यांवर इंग्रजी आकडे घेतले आणि ६ व ९ खाली आडवी रेघ दिली. टी-शर्ट सुतीच घ्या. पॉलिस्टरवर छपाई झकास दिसते, पण शेकोटीची ठिणगी उडाली तर ते वितळून कातडीला चिकटतं.

शंभर स्पर्धक हवे असतील तर १४० जणांना पक्कं कळवावं लागतं. कळवल्यावर काही जण स्वतःहून गळतात, आदल्या रात्रीपर्यंत ११५ उरतात, सकाळी १०५-१०८ येतात, आणि तपासणीत पाच-सहा जण थांबवावे लागतात. तपासणी औपचारिक ठेवू नका. डॉक्टर, बीपी, साखर, नाडी, आणि प्रश्न: दमा, फिट, हृदयविकार, गर्भारपण, गेल्या सहा महिन्यांतलं ऑपरेशन. आमच्या डॉक्टरांनी बीपीसाठी १६०/१०० ही रेघ ठरवली होती. तिच्या वर आलेल्यांना अर्धा तास बसवून पुन्हा मोजायचं, तरीही वर असेल तर खेळता येणार नाही. अशा एका ताईंनी फार विनवणी केली, “दादा, मी सही करून देते ना.” सहीनं काही होत नाही. माणूस स्वतःच्या जबाबदारीवर खेळतोय असं कितीही लिहून घेतलं तरी निष्काळजीपणा झाला तर तो आयोजकाच्याच माथी येतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू हे भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हे कलम १२५, दोन्हीपुढे असला कागद टिकत नाही. करार तरीही हवाच, मराठीतून, आणि स्पर्धकाला वाचायला आदल्या आठवड्यात दिलेला. वय १८ पूर्ण, आधार आणि पॅन दोन्ही पाहून.

पॅन कशाला, तर बक्षिसासाठी. टीव्ही किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातल्या, बक्षिसासाठी लढण्याच्या कार्यक्रमात जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर सरळ ३० टक्के आहे, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. बक्षीस १० हजारांच्या वर गेलं की ३० टक्के आधीच कापून भरावे लागतात. नेहमीच्या उत्पन्नाची करमुक्त मर्यादा इथं लागू होत नाही. १० लाख जाहीर केले की विजेत्याच्या खात्यात ७ लाख जमा होतात, आणि विवरणपत्र भरताना आणखी १२ हजार जातात. हे स्पर्धकांना पहिल्याच सूचनेत आकड्यांसकट सांगायला हवं. जिंकल्यावर कळलं तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. बक्षीस वस्तूचं असेल, जसं आमचा ट्रॅक्टर होता, तर कर भरल्याशिवाय वस्तू ताब्यात देता येत नाही. ट्रॅक्टर ८ लाखांचा धरला तर २ लाख ४० हजार आधी कुणीतरी भरायचे. शेतकऱ्याच्या पोरानं ट्रॅक्टर जिंकायचा आणि तो सोडवायला सावकाराकडे जायचं, असं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून कर आम्ही भरायचा ठरवला आणि ती रक्कम पहिल्याच दिवशी बजेटमध्ये वेगळी काढून ठेवली.

तपासणी चालू असतानाच शेजारच्या तंबूत प्रत्येकाची दीड मिनिटाची मुलाखत घ्यायची. शंभर जणांचे १५० मिनिटं होतात, तीन कॅमेरे लावले तर तासाभरात उरकतं. हे कंटाळवाणं वाटतं, पण जिंकणारा कोण हे तेव्हा माहीत नसतं. ही मुलाखत नसली तर विजेता पहिल्या वीस मिनिटांत व्हिडिओमध्ये कुठंच दिसत नाही आणि शेवटी अचानक उगवतो. मोबाइल इथंच जमा करायचे, बंद करून, नंबर लिहिलेल्या झिपच्या पिशवीत. बंद करूनच, नाहीतर पहाटे पाचला साठ गजर वाजतात.

पहिला राउंड १०० वरून ६० वर आणायचा होता. टोमॅटोचा क्रेट पालथा घालायचा आणि त्यावर उभं राहायचं, उतरला तो बाद. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात २० किलो टोमॅटो ज्यात भरतात तोच क्रेट. भाड्यानं शंभर सहज मिळतात, पण उन्हात वर्षभर पडलेल्या क्रेटचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. नव्वद किलोचा माणूस जाळीवर उभा राहिला की ती कडेनं तडकते आणि पाय आत जातो. प्रत्येक क्रेटवर १२ मिलिमीटरचा प्लाय बसवला, कडा घासून घेतल्या, चार कोपऱ्यांना केबल टाय. खाली मुरूम सपाट करून घेतला, कारण एक कोपरा हलत असेल तर तो अन्याय आहे आणि तो कॅमेऱ्यात दिसत नाही. दोन क्रेटमध्ये पाच फूट अंतर, म्हणजे पडणारा शेजाऱ्यावर पडत नाही.

अशा राउंडमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे माणसं लवकर थकतील असं धरणं. आमच्या टीममधल्या दहा जणांवर तालीम घेतली तेव्हा पहिला उतरला एक तास पन्नास मिनिटांनी, आणि ही काही कसलेली माणसं नव्हती. बक्षीस समोर असताना लोक पाच-सहा तास उभे राहतात. कॅमेऱ्यासमोर काही घडत नाही आणि ऊन मात्र वाढत जातं. म्हणून पायऱ्या कराव्या लागतात. पहिली वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, मग टाचा जोडून, मग एका पायावर, मग दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली हात सरळ करून धरायची. ही बाटलीची पायरी फार जालीम आहे, दोन-तीन मिनिटांत बहुतेकांचा खांदा सोडतो. सगळ्या शंभरांना ती एकदम दिली तर एका मिनिटात पंधरा-वीस जण बाद होतात, पंचांना नंबर टिपता येत नाहीत आणि फाटकात गर्दी उसळते. फाटकाचा आकडा ४० सेकंदांना एक, तो इथं कामी आला. दहा-दहाची एक रांग, एका वेळी एकाच रांगेच्या हातात बाटल्या, आणि त्या रांगेवर दोन पंच.

बाद झालेल्याची वाट अशी होती. पट्टी निघाली की सहायक त्याच्याबरोबर चालायला लागतो, माणसाला एकट्याला पाठवायचं नाही. पहिल्या थांब्यावर पाणी आणि केळं. तिथंच परिचारिका नाडी पाहते. दुसऱ्या थांब्यावर कॅमेरा, फक्त ४० सेकंद, प्रश्न एकच: “काय झालं?” पाणी प्यायल्यावर विचारायचं, आधी नाही. आधी विचारलं तर माणूस रागावलेला तरी असतो किंवा रडवेला, आणि तसं चित्र वापरणं आम्हाला बरं वाटलं नाही. तिसऱ्या थांब्यावर मोबाइल, प्रवासभत्ता आणि निकाल व्हिडिओ येईपर्यंत फोडणार नाही या कराराची आठवण. मग मंडप, जेवण, आणि मोठ्या टीव्हीवर पुढचा खेळ. हा टीव्ही सगळ्यात उपयोगी निघाला. बाद झालेले निघून न जाता बसून राहिले आणि आपल्या गावच्या माणसासाठी ओरडायला लागले, आणि तो आवाज नंतर एडिटिंगमध्ये सोन्यासारखा वापरला गेला.

पहिल्याच राउंडमध्ये एक गोष्ट बिघडली. ४३ नंबरनं दाद मागितली. त्याचं म्हणणं, टाच जमिनीला लागली नव्हती, क्रेटच्या कडेला लागली होती. पुन्हा पाहायचं ठरलं. पण सात नंबरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी बदलताना बारा तासांनी सरकलं होतं. सहायकाच्या वहीत ११:२२, त्या कॅमेऱ्यात २३:२२, आणि कार्डवर चार तुकडे. तो क्षण सापडायला ३४ मिनिटं लागली, आणि तोवर बाकीचे उन्हात क्रेटवर. टाच खरंच कडेला लागली होती, तो परत आत गेला. पण त्या ३४ मिनिटांत तिघांनी थकून खाली उडी मारली. त्या तिघांनाही आम्ही परत घेतलं, कारण उशीर त्यांचा नव्हता. तेव्हापासून दोन नियम पाळले. प्रत्येक कॅमेऱ्यानं दर तासाला आणि प्रत्येक बॅटरी-कार्ड बदलल्यावर सेकंद दाखवणारं एकच घड्याळ पाच सेकंद चित्रित करायचं. आणि निर्णयाला तीन मिनिटं, सापडलं नाही तर फायदा स्पर्धकाला. दाद मागणाऱ्याला क्लिप स्वतः पाहू द्यायची. स्वतःची टाच पाहिल्यावर एकही जण पुढं भांडला नाही.

दुसरा राउंड चौकटीतली रात्र. जानेवारीत नाशिक पट्ट्यात पारा १० अंशांच्या खाली सहज जातो, माळावर वारा वेगळाच. ओल्या अंगाला थंडी फार लवकर धरते, म्हणून दुपारी तीननंतर पाण्याचा कुठलाही खेळ ठेवायचा नाही आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांनी कोरडे कपडे घालायचे. पहिल्या यादीत आम्ही हंडे घेऊन पळायचा राउंड संध्याकाळी ठेवला होता, तो डॉक्टरांनी खोडला. प्रत्येकाला एक घोंगडी, खाली ताडपत्री. साप थंडीत कमी फिरतात, तरी मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. त्यामुळे चौकटीभोवती ३० फूट गवत कापलेलं, क्रेटची चळत आणि खाण्याचं सामान लांब, कारण उंदीर आले की त्यांच्यामागे साप येतो. जागेवर सापाच्या विषावरचं इंजेक्शन ठेवायचं नाही, त्यातून येणारी ॲलर्जी तंबूत सांभाळता येत नाही. कुठल्या रुग्णालयात साठा आहे हे आदल्या दिवशी फोन करून पक्कं करायचं, रुग्णवाहिका तोंड रस्त्याकडे करून उभी ठेवायची आणि तिच्या वाटेत कुणाचीही गाडी लागू द्यायची नाही. स्वच्छतागृहं उजेडाच्या आत, आणि रात्री तिकडे दोघांनी मिळून जायचं. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक प्रत्येक पंचाच्या गळ्यातल्या कार्डावर छापला होता.

खाणं कमी ठेवलं, पाणी कधीच नाही. माणशी चार लिटर धरलं, शंभर जणांना २० लिटरचे २० जार, आणि जीवनरक्षक क्षारांची पाकिटं, लिटरला एक. रात्रीच्या जेवणाला मुगाची खिचडी, वाटीभरच. टीमचा स्वयंपाक वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि मंडपाच्या पलीकडे. भुकेल्या माणसासमोर मिसळीचा रस्सा उकळत ठेवणं हा खेळाचा भाग नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी वारा फिरला तेव्हा आचारीमामांनी स्वतः होऊन भट्टी हलवली.

पहाटे चारला पाकीट येतं: आता चौकट सोडाल तर इतके हजार. असा सौदा ठेवायचा तर पाकिटावर दोन आकडे लिहा, जाहीर रक्कम आणि हातात येणारी. २५ हजारांचे साडेसतरा होतात. आम्ही दोन्ही लिहिले, तरी नऊ जणांनी पाकीट घेतलं. सकाळी चौकट ८० फुटांवरून ४० वर आणली, मग २० वर. ढकलाढकलीला जागीच बाद. दहा वाजेपर्यंत बारा उरले.

शेवटचा राउंड ट्रॅक्टरवर हात. तळहात टेकवायचा, उचलला की बाद. बॉनेट उन्हात तापतं, म्हणून वर शेडनेट आणि हात ठेवायच्या जागी पांढरी सुती पट्टी, प्रत्येकाच्या नंबरानं. दर दोन तासांनी दहा मिनिटं विश्रांती. इथं माणसं उभ्या उभ्या झोपतात. डोळे उघडे असतात, गुडघा अचानक सुटतो. प्रत्येकाच्या मागे फोमची गादी आणि एक माणूस हवाच. जागरण ३६ तासांच्या वर न्यायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तोपर्यंत निकाल लागला नाही तर शेवटी उरलेल्यांत काय करायचं हेही करारात होतं. ती वेळ आली नाही, संध्याकाळी सहाच्या आत एकच हात उरला.

आणि कुणीही स्वतःच्या मोटारसायकलवर यायचं नाही, हा नियम पहिल्या फोनपासून सांगितला होता. तीस तास जागा माणूस मोहदरी घाटातून गाडी चालवत नाशिकला गेला तर पुढचं सांगायला नको. सगळ्यांना नाशिकच्या द्वारका चौकातून बसनं आणलं आणि तिथंच सोडलं, दर वीस जण बाद झाले की एक बस. जिंकलेला मुलगासुद्धा बसनंच गेला, ट्रॅक्टर कागदपत्रं झाल्यावर.

फुटेजचा हिशेब आधी करा. एक कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट दरानं तासाला ४५ जीबी भरतो. बारा कॅमेरे, तीस तास, म्हणजे १६ टीबीच्या वर, आणि दोन प्रती म्हणजे ३२. साध्या हार्डडिस्कवर दहा तासांच्या शूटची एक प्रत करायला जवळपास दहा तासच लागतात. दुसऱ्या प्रतीला वेळ उरत नाही आणि रिकामी कार्डं संपतात. तिच्याहून वेगवान अशी एसएसडी डिस्क घ्या, कॉपीचं काम एकाच माणसाकडे द्या, आणि दोन्ही प्रती पडताळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. कॉर्डलेस माइक शंभर जणांना लावणं जमत नाही. आमचे सोळा होते, ते शेवटच्या बारांसाठी राखून ठेवले. एडिटिंगला दहा आठवडे गेले, आणि त्यात सर्वांत जास्त उघडली गेली ती पंचांची वही.

शूट संपल्यावर माळ मालकाला परत द्यायचा होता, आणि त्यात खिळे होते. ४२७ ठोकले, पट्टी उपटताना ४११ निघाले. उरलेले १६ मुरमात. पावसाळ्याआधी तिथं नांगर फिरणार, शेळ्या चरणार. लोखंडी दांड्याला भंगारातल्या स्पीकरचं चुंबक बांधून दोघांनी चौकटीच्या चारही बाजू चालून काढल्या, तीनदा. दुपारपर्यंत पंधरा मिळाले. सोळावा फाटकाजवळ होता, बाद झालेले लोक जिथून बाहेर पडत होते त्या वाटेवर, कुणाच्या तरी बुटाला लागून तिथपर्यंत आलेला.